शंभर ग्रॅमच न्या!

"अर्धा किलो नको अम्मा, शंभर ग्रॅमच न्या. संपली की परत या."

कमी माल घ्या असे सांगणारा दुकानदार तुम्हाला शेवटचा कधी भेटला होता? मला तर आठवतच नाही. साडीच्या दुकानात एक मागितली तर दहा उलगडतात, औषधाच्या दुकानात दोन गोळ्या मागितल्या तर पट्टी पुढे करतात. त्यामुळे बेंगळुरूच्या बसवनगुडीत, गांधी बाजाराच्या एका बोळात, कॉफीपूड विकणाऱ्या म्हाताऱ्या दुकानदाराने माझ्या सासूबाईंना हे वाक्य ऐकवले तेव्हा मला आधी शंकाच आली. माल संपत आला असेल, किंवा सकाळच्या गर्दीत आम्हाला लवकर वाटेला लावायचे असेल. पण गोष्ट वेगळी होती. ती सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सासरे गेल्यानंतर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, साताऱ्याचे घर बंद करून आमच्याकडे बेंगळुरूला आल्या. आमचे हे सकाळी आठला बाहेर पडतात ते रात्री उगवतात, मुलगी शाळेत, मी माझ्या कामात. साताऱ्यात ज्यांच्या दारावरून दिवसाला वीस माणसे हाक मारून जात, त्या आई इथे तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून राहू लागल्या. कन्नड येत नाही, हिंदी बेताची. भाजीवाला आला तरी त्या मलाच हाक मारायच्या.

अशात खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने एकदा त्यांना फिल्टर कॉफी पाजली. पितळी पेल्यातली, वाटीतून वर-खाली करून फेसाळलेली. आमच्याकडे कॉफी म्हणजे एकादशीला, दुधात उकळून, वर जायफळ किसून. ही चव वेगळीच होती. आई वर येऊन म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे का नाही करत अशी?" या शहरातली कुठली तरी गोष्ट त्यांना आवडल्याचे मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्याच संध्याकाळी मी स्टीलचा फिल्टर आणला आणि दुसऱ्या दिवशी पूड आणायला आई एकट्या गेल्या. बेंगळुरूला आल्यापासून त्या एकट्याने कोपऱ्यापर्यंतही गेल्या नव्हत्या.

आधी फसगत झाली

ते पहिले दुकान आमच्या घराजवळचेच. नाव सांगत नाही. आईंनी "कॉफी" म्हटले, हाताने अर्धे असे दाखवले. काउंटरवरच्या मुलाने काही न विचारता अर्धा किलोचे पाकीट बांधून दिले. पाकिटावर ना नाव, ना प्रमाण, ना तारीख. बिल नाही. पैसे मात्र शुद्ध कॉफीचे घेतले, असे नंतर फळ्यावरचे भाव वाचल्यावर कळले.

घरी ती पूड फिल्टरमध्ये घातली तर पाणी खाली उतरेचना. तासाभराने जे उतरले ते डांबरासारखे काळे, दाट आणि कडू. दूध घातले तरी काढ्याची चव जाईना. आईंनी गुपचूप साखर वाढवली, दुसऱ्या दिवशी आणखी वाढवली, तिसऱ्या दिवशी पेला तसाच ठेवून दिला. "मलाच जमत नसेल करायला," त्या म्हणाल्या.

मी त्यांना घेऊन पाकीट परत करायला गेले. उघडलेला माल परत घेत नाही, हे उत्तर अपेक्षितच होते. पण तो मुलगा शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघत हसून म्हणाला, "इनको कॉफी समझती नहीं." आईंची हिंदी बेताची असली तरी एवढी नक्कीच येते. त्या काही बोलल्या नाहीत. घरी येऊन चहाचे आधण ठेवले. पुढचे तीन आठवडे फिल्टर फडताळात पडून होता आणि आई पुन्हा खिडकीत.

अर्धा किलो पूड वाया गेली याचे मला फारसे वाटले नाही. वाईट याचे वाटले की एका माणसाने मोठ्या हिमतीने टाकलेले पाऊल काउंटरवरच्या एका वाक्याने मागे घेतले गेले. दुकानातल्या वागणुकीबद्दल आपण बोलतो तेव्हा वजन-माप, भाव, बिल एवढेच बोलतो. खरे तर नव्या गावात आलेल्या, भाषा न येणाऱ्या माणसाची त्या गावाशी पहिली ओळख दुकानदारच करून देतो.

"एष्टु जना?"

गांधी बाजारातल्या दुकानात आम्ही गेलो ते ठरवून नव्हे. मी फुले घ्यायला गेले होते, आईंना बळेच बरोबर नेले होते. हा बाजार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगते, पुण्याची मंडई आणि तुळशीबाग जरा दाटीवाटीने एकत्र केल्यासारखा तो आहे. मोगऱ्याच्या, शेवंतीच्या राशी, केळीची पाने, जवळच १९४३ पासूनचे 'विद्यार्थी भवन' आणि दोशासाठी त्याच्या दारात ताटकळलेली माणसे. अचानक भाजक्या कॉफीचा वास आला आणि आई थांबल्या.

दुकान एवढेसे. काउंटर, मागे बियांच्या चार पिंपांची रांग आणि घरघरणारे दळणयंत्र. साठीपलीकडचे मालक स्वतः उभे. आईंना बघून म्हणाले, "बन्नी अम्मा." मग पहिला प्रश्न विचारला, "एष्टु जना?"

मी भाषांतर करायला तोंड उघडणार एवढ्यात आईंनी दोन बोटे वर केली. 'जना' म्हणजे जण, एवढे त्यांना आपसूक कळले होते! घरात चौघे असलो तरी कॉफी पिणाऱ्या त्या आणि मी, दोघीच. मग पुढचे प्रश्न. फिल्टर पितळेचा की स्टीलचा? भोके बारीक आहेत की मोठी? दिवसातून किती वेळा? दूध म्हशीचे की पाकिटातले? कडक लागते की "स्वल्प" कमी? स्वल्पविराम शाळेत शिकलेल्या कुठल्याही मराठी माणसाला स्वल्प कळतेच. मोडके हिंदी, मोडके कन्नड आणि बोटे यांवर दोघांचे दहा मिनिटे संभाषण चालले. मी नुसती उभी होते.

आणि मग आईंनी पदराआडून एक पुडी काढली. त्या अर्धा किलोतली पूड त्यांनी टाकली नव्हती. टाकण्याची सवयच नाही. आज बाजारात जायचे म्हणून चिमूटभर बरोबर घेतली होती, कुणाला दाखवावी की नाही हे ठरवले नव्हते.

मालकांनी पुडी हुंगली. पेलाभर पाणी घेतले आणि त्यावर ती पूड हलकेच भुरभुरली. क्षणार्धात बरीचशी पूड तळाला निघाली आणि तिच्यामागे पाण्यात तपकिरी रेघा उमटत गेल्या. मग दुसऱ्या पेल्यात स्वतःकडची नुसत्या कॉफीची पूड भुरभुरली. ती वरच तरंगत राहिली, पाणी बराच वेळ स्वच्छ.

"चिकोरी," ते म्हणाले. "बहुत है."

मी लगेच विचारले, म्हणजे भेसळ? किती टक्के असेल? त्यावर त्यांनी मान हलवली. चिकोरी आहे एवढे पेला सांगतो, किती ते सांगत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते, असे त्यांचे उत्तर. दुसऱ्या दुकानाविषयी एक वाईट शब्दही नाही. मग आईंकडे वळून म्हणाले, "अम्मा, आपका गलती नहीं. पावडर ऐसा है."

हे ऐकताच आईंच्या चेहऱ्यात जो फरक पडला तो मी विसरणार नाही.

चिकोरीची बदनामी

पाण्याची ही परीक्षा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, घरगुती तपासणीच्या आपल्या पुस्तिकेतही दिली आहे. चिकोरीत भाजताना साखरेचे कॅरमेल बरेच तयार होते, ते पाण्यात चटकन विरघळते आणि रंग सोडत खाली जाते. कॉफीचे कण तेलकट, हलके, म्हणून तरंगतात.

पण चिकोरी म्हणजे विष नव्हे, हेही सांगायला हवे. ते एका झाडाचे मूळ. वाळवून, भाजून, दळून वापरतात. आपल्याकडे गुजरातेत जामनगरच्या बाजूला त्याचे पीक घेतात. नेपोलियनच्या काळात युरोपात व्यापाराची नाकेबंदी झाली, कॉफी मिळेना, तेव्हा तिथल्या लोकांनी या मुळाचा आधार घेतला आणि मग चवच लागली. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीत ती घालतात ती दाटपणासाठी, रंगासाठी आणि अर्थातच पैसे वाचावेत म्हणून. चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे काढा थेंबथेंब उतरतो आणि दुधात पडला तरी चव टिकून राहते. दुधाची कॉफी पिणाऱ्या पुष्कळांना शंभर टक्के कॉफी पांचट वाटते ती यामुळेच. प्रमाण फार वाढले की मात्र आमच्यासारखी गत होते, काढा उतरतच नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. कॉफी आणि चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी, आणि कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के हे पाकिटावर छापायला हवे. ८०:२०, ७०:३०, ६०:४० ही नेहमीची प्रमाणे. बाजारातल्या पाकिटांवर ५३:४७ असाही आकडा दिसतो. म्हणजे जवळजवळ निम्मी पूड चिकोरीची, तरीही ती कायद्यात बसते. चिकोरी घालण्यात फसवणूक नाही. ती न सांगता घालून कॉफीचे पैसे घेणे ही फसवणूक. आमचे पहिले दुकान तिथे चुकले.

गांधी बाजारच्या मालकांनी आईंना सुचवले ८०:२०. बियांमध्ये निम्मी 'प्लांटेशन ए' आणि निम्मी 'पीबेरी'. या नावांना घाबरायचे कारण नाही. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात. कधी एकच राहते आणि गोलसर वाढते, ती पीबेरी. धुऊन तयार केलेल्या अरेबिकाला आपल्याकडे प्लांटेशन म्हणतात. अरेबिका सुवासाची, रोबस्टा कडक आणि दाट. रोबस्टात कॅफिन साधारण दुप्पट. दुकानदार स्वतःच्या हिशेबाने हे मिसळतो आणि तिथेच त्याचा हात कळतो, जसा मसाल्यात घरोघरच्या सुगरणीचा कळतो.

बेंगळुरूला ही दुकाने इतकी का, याचे उत्तर नकाशात आहे. देशातल्या कॉफीपैकी साधारण ७० टक्के कर्नाटकात पिकते. चिकमगळूर, कोडगू, हासन इथून. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या फकिराने येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात. १९४२ च्या कायद्यानंतर बागायतदाराला आपली कॉफी कॉफी बोर्डाकडे जमा करावी लागे आणि बोर्ड तिचे लिलाव करी. नव्वदच्या दशकात हे टप्प्याटप्प्याने सैल होत गेले आणि १९९६ पर्यंत विक्री पूर्ण मोकळी झाली. बोर्डाचे मुख्यालय बेंगळुरूतच. कोठास, बायर्स अशी मोठी नावे इथे सर्वांच्या तोंडी आहेत, पण त्यांच्याखेरीज गल्लोगल्ली छोटे भाजणारे-दळणारे आहेत. आपल्याकडे मुंबईत माटुंग्याला 'म्हैसूर कन्सर्न्स'समोरून गेला असाल तर तो वास तुम्हालाही ठाऊक असेल.

जास्त विकायचे नाही

आता त्या शंभर ग्रॅमकडे येऊ. आईंनी सवयीने "आधा किलो" म्हटले. साताऱ्याहून आलेल्या बाईला वाण्याकडे शंभर ग्रॅम मागणे कमीपणाचे वाटते. पण मालकांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. माणशी दोन चमचे भरून, दिवसाला तीन पेले, म्हणजे शंभर ग्रॅम पाच-सहा दिवस पुरते. अर्धा किलो महिनाभर पुरेल आणि दुसऱ्या आठवड्यापासून तुम्ही शिळी कॉफी प्याल.

यामागचे कारण साधे आहे. कॉफीचा सुवास तिच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलांत असतो. बी अखंड असते तोवर तो आत कोंडलेला राहतो. दळली की हवा लागते, वास उडतो आणि तेल खवट व्हायला लागते. ज्वारीचे पीठ आपण महिन्याचे एकदम दळून आणत नाही, तसेच हे. डबा घट्ट झाकणाचा हवा, ओला चमचा घालायचा नाही. आईंना पिठाचे उदाहरण माझ्याआधी सुचले. "पिठासारखंच म्हणा की," त्या मराठीतच म्हणाल्या आणि मालकांनीही कळल्यासारखी मान डोलावली.

मग करण्याची रीत. ती त्यांनी काउंटरवर रिकामा फिल्टर ठेवून हातवाऱ्यांनी दाखवली. वरच्या भांड्यात पूड घालायची, छत्रीच्या आकाराची चकती वर ठेवून हलकेच बसवायची, दाबायची नाही. पाणी उकळले की घटकाभर थांबून मग चकतीवर गोल ओतायचे. झाकण ठेवून वीस मिनिटे विसरून जायचे. उतरत नाही म्हणून वरून ढवळायचे नाही, फिल्टर आपटायचा नाही. काढा पुन्हा उकळायचा नाही, गरम हवा असेल तर दूध कडकडीत घ्यायचे. महिन्यातून एकदा वरचे भांडे रिकामे करून त्याची भोके गॅसवर धरायची, अडकलेली पूड जळून मोकळी होते. ही शेवटची युक्ती मला कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकात मिळाली नव्हती.

त्यांनी पूड दळली तीही आमच्या देखत. यंत्रातून पडलेली पहिली मूठ बाजूला काढली, कारण तीत आधीच्या गिऱ्हाइकाची उरलेली पूड असते. स्टीलच्या फिल्टरची भोके मोठी सांगितली म्हणून दळण किंचित जाड ठेवले. फार बारीक झाले तर पूड खाली झिरपते किंवा भोके बुजतात, फार जाड झाले तर पाणी भरकन निघून जाते. पिशवी आधी काट्यावर ठेवून तिचे वजन वजा केले, मग पूड. मिठाईच्या दुकानात खोक्यासकट वजन करणाऱ्यांनी हे जरूर बघायला यावे. पिशवीवर पेनाने ८०:२० आणि तारीख लिहिली.

दुकानदार डॉक्टर नव्हे

तिसऱ्या की चौथ्या खेपेला आईंनी त्यांना विचारले, दुपारच्या कॉफीनंतर रात्री झोप येत नाही, काय करू? मला धास्ती वाटली. आपल्याकडे वाण्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे औषध सांगतात. पण मालक म्हणाले, दुपारच्या पेल्यासाठी ७०:३० वेगळी नेऊन बघा, चिकोरीत कॅफिन नसते, आणि बाकीचे डॉक्टरांना विचारा. आपली हद्द ओळखणारा सल्लागार मला फार मोठा वाटतो.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. आईंचे हिमोग्लोबिन कमी आहे आणि त्या जेवण झाल्या झाल्या कॉफी घेतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत हेच सांगितले आहे. चहा-कॉफीतल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर दोन्ही टाळावीत. दिवसाला कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. १५० मिलिलिटरच्या पेल्यात गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. आईंची दुपारची कॉफी आता चार वाजता असते. जेवणानंतरची सवय मोडायला महिना लागला आणि त्यावरून आमच्या घरात दोनदा रुसवेही झाले.

नवी दुकाने, नवे व्याख्यान

तोल राखण्यासाठी दुसरी बाजूही सांगते. इंदिरानगर, कोरमंगलाकडे गेल्या दहा-बारा वर्षांत वेगळ्या धाटणीची दुकाने निघाली आहेत. कॉफी कुठल्या मळ्यातली, किती उंचीवरची, कशी वाळवली, हे सगळे पाकिटावर असते. काउंटरवरची मुले शिकलेली, नम्र. कॉफी बोर्डाचाही भाजणे-गाळणे शिकवणारा 'कापी शास्त्र' नावाचा अभ्यासक्रम आहेच. मुलीच्या हट्टाने एकदा आम्ही अशा दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने आम्हाला पाऊण तास समजावले. या कॉफीत संत्र्याच्या सालीचा भास होतो, त्या दुसरीत गुळाचा. आईंनी शांतपणे सगळे ऐकले आणि बाहेर आल्यावर मला विचारले, "त्याने आपल्या घरात किती माणसं आहेत हे विचारलं का गं?"

विचारले नव्हते. पण त्या मुलावर हसावे असेही नाही. त्याच्या पाकिटावर भाजल्याची तारीख ठसठशीत छापलेली होती, चिकोरी नाही हे स्पष्ट लिहिले होते आणि बिल न मागता मिळाले. आमच्या गांधी बाजारच्या मालकांकडे बिल मागावे लागते, ही त्यांची खोड. मी दरवेळी मागते, ते दरवेळी हसून देतात. चांगल्या दुकानदाराकडूनही बिल घ्यायला संकोच करू नये. कारण काही बिनसले तर हातात कागद लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवतानाही बिल कामी येते. आमच्या पहिल्या दुकानाची तक्रार मी करू शकले नाही ती याच कारणाने.

गिऱ्हाईक म्हणून आपणही थोडी तयारी करायला हवी. "चांगली कॉफी द्या" म्हटल्यावर दुकानदाराने काय द्यावे? आपल्याकडे कुठला फिल्टर आहे, किती माणसे, किती दूध, कडक की मऊ हे सांगावे. शक्य असेल तर पहिल्या खेपेला फिल्टरच पिशवीत घालून न्यावा. कॉफी आणि चिकोरी यांचे प्रमाण विचारावे आणि पिशवीवर लिहून घ्यावे. दळण समोर करून घ्यावे. दुकानदार या प्रश्नांना कंटाळला तर ते दुकान आपले नव्हे असे समजून बाहेर पडावे, बेंगळुरूत पुढच्या वळणावर दुसरे असतेच. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांना थोडे शोधावे लागेल. आणि पसंत पडले नाही तर पुढच्या वेळी येऊन तसे सांगावे. आवडले नाही म्हणून मुकाट्याने दुकान बदलणारे गिऱ्हाईक दुकानदाराला काहीच शिकवत नाही.

२०२४-२५ मध्ये ब्राझील आणि व्हिएतनामकडे पावसाने दगा दिला, जगभर कॉफीचे भाव कडाडले आणि त्याची झळ गांधी बाजारापर्यंत पोचली. आईंनी तेव्हा एका शनिवारी हिशेब करून ठरवले की आता सकाळचीही ७०:३० घ्यायची. मालकांनी नको म्हटले नाही. एवढेच सांगितले की चिकोरी वाढली तर पूड थोडी कमी घाला, काढा तितकाच होईल, नाहीतर कडू लागेल. मग आठवड्याला शंभर ग्रॅममध्ये चहाचा एक चमचा उरू लागला. आईंना त्याचा केवढा आनंद!

शनिवारी गांधी बाजारात त्या आता एकट्या जातात, बसने. परवा मला सुट्टी होती म्हणून मीही गेले. काउंटरवर एक मुलगी उभी होती, नुकतीच नोकरीसाठी आलेली, बहुधा आपल्याच बाजूची, कारण फोनवर "आई, कुठली घेऊ?" असे विचारत होती. मालक यंत्रापाशी होते. आई तिच्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "किती जण आहात गं? फिल्टर कुठला आहे?"

मुलगी दचकली, मग हसली. तीन मैत्रिणी, फिल्टर अजून घ्यायचाय. आईंनी तिला चकतीपासून गॅसवर धरायच्या भोकांपर्यंत सगळे सांगितले. शंभर ग्रॅमच ने, असेही बजावले. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि पाव किलो घेतली.

"ऐकत नाहीत हल्लीची मुलं," आई बसमध्ये म्हणाल्या. मग मांडीवरच्या पिशवीचे तोंड जरा उघडून त्यांनी वास घेतला आणि परत घट्ट गुंडाळून ठेवली.